बाईंच्या गाडीचं भरीव फ्लायव्हील

बेकरीवाले काका चढावर गाडी उचलायला गेले आणि गाडी त्या तासात सतराव्यांदा बंद पडली. शिकाऊ माणसाच्या चुका मोजायच्या नाहीत असं बाईंनी धंदा सुरू करतानाच ठरवलं होतं, तरी या मात्र त्यांनी मोजल्या होत्या. आणि या सतराव्या वेळी गाडीच्या पोटातून जो आवाज आला तो आधीच्या सोळा वेळांसारखा नव्हता. मूठभर नट पत्र्याच्या डब्यात घालून डबा कोणी जिन्यावरून सोडून द्यावा, तसा.

"परत बंद पडली," काका म्हणाले. आवाजाबद्दल एक अक्षर नाही.

"काका, उतरा जरा. मी बसते तिकडे," बाई म्हणाल्या आणि स्वतः स्टिअरिंगवर बसून गाडी चढावरून खाली घेऊन आल्या. पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरली, दुसऱ्यात धक्का देऊन पुढे गेली.

बाई गाडी चालवायला शिकवत. एक बाई, एक गाडी, छपरावर पाटी आणि शेजारच्या सीटपुढे क्लच-ब्रेकची जादा जोडी, एवढी त्यांची शाळा. गाडी त्यांच्या नवऱ्याची. तो चार वर्षांपूर्वी गेला. बाई पंचवीस वर्षं गाडी चालवत होत्या, डोकं थंड होतं, जीभ गोड नसली तरी कडू नव्हती. त्यांनी शिकवायची परीक्षा दिली, जादा पेडल बसवून घेतली आणि सुरुवात केली. आजवर शंभरेक माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती. बेकरीवाले काका तेवढे अडकले होते.

काका तीन वेळा टेस्टमध्ये नापास झाले होते आणि तिन्ही वेळा चढावरच. बाकी सगळं ठीक. आरसे बघायचे, वळताना हात गडबडायचा नाही, पार्किंग तर ट्रेमध्ये पाव मांडावेत इतकं नेटकं. पण चढावर उभी गाडी उचलायची म्हटलं की क्लच एकदम सोडायचे नाहीतर सोडायचेच नाहीत. बारा दिवसांनी चौथी टेस्ट होती. चौथीतही नापास झाले तर लेखी परीक्षेपासून सगळं पुन्हा. वय वर्षं सदुसष्ट. आणि हे सगळं हौसेखातर नव्हतं. आयुष्यभर गाडी काकू चालवायच्या. काका भट्टी सांभाळायचे, काकू पहाटे पाव पोचवायच्या. गेल्या वर्षी काकूंच्या नजरेच्या मधोमध धुकं धरलं आणि डॉक्टरांनी त्यांच्या हातून किल्ली काढून घेतली. घर गावाबाहेर, टेकडीवर. बस दिवसातून दोनदा.

बाई नेहमीच्या गॅरेजमध्ये गेल्या. तिथल्या माणसाने इंजिन चालू करून बंद केलं, एकदा ऐकलं आणि हात झटकले. "क्लचच्या मागचं फ्लायव्हील गेलंय. दोन वजनांचं आहे. ऑर्डर टाकली तर पाच आठवडे. तोवर चालवू नका, फुटलं तर गिअरबॉक्स घेऊन जाईल."

पाच आठवडे! बाई गाडीत बसून राहिल्या. दुसऱ्या शाळेची गाडी मागून आणली असती, पण काकांना या गाडीचा क्लच तीन महिन्यांत समजला नव्हता, परक्या गाडीचा बारा दिवसांत काय समजणार? मग बराच वेळ टाळलेला विचार त्यांनी केला आणि गाडी सांभाळून, कडेकडेने, धाकट्या दिराच्या गॅरेजकडे नेली.

दिराचं आणि त्यांचं चार वर्षं धड बोलणं नव्हतं. भांडण असं मोठं झालं नव्हतं. जादा पेडल बसवायला बाई त्याच्याकडेच गेल्या होत्या, तेव्हा तो म्हणाला होता, "दादाला जाऊन सहा महिने नाहीत आणि तुम्ही त्याची गाडी नवशिक्यांच्या पायाखाली देताय?" बाईंनी किल्ली उचलली आणि दुसरं गॅरेज शोधलं. त्यानंतर घरच्या कार्यात दोघं भेटत, पाणी हवं का विचारत आणि दोन टोकांना बसत.

गॅरेजच्या दारात गाडी थांबली तसा दीर चष्मा कपाळावर सरकवत बाहेर आला. केस पिकले होते. 'या' म्हणाला नाही, 'का आलात' असंही नाही.

"बंद करा," तो म्हणाला. बाईंनी इंजिन बंद केलं. खडाड्. त्याने डोळे मिटून घेतले. "परत चालू करा. परत बंद."

"फ्लायव्हील ना?" बाईंनी विचारलं.

"कोण म्हणालं?"

"आणखी एक गॅरेजवाला."

"बरोबर म्हणाला." त्याने हाताचे दोन पंजे एकावर एक ठेवून दाखवले. "यात एक चाक नसतं, दोन असतात. एक इंजिनाला धरून, एक गिअरबॉक्सच्या बाजूला. मध्ये स्प्रिंगा. इंजिनाचे धक्के त्या गिळतात, म्हणून आत बसणाऱ्याला काही कळत नाही. पण तुमची माणसं गाडी किती वेळा बंद पाडतात दिवसाला?"

"चाळीस. पन्नास."

"म्हणजे पन्नास वेळा त्या स्प्रिंगांच्या पेकाटात लाथ. किती टिकतील?"

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "भाऊजी, भरीव फ्लायव्हीलही मिळतं म्हणे. एकच सलग चाक, स्प्रिंगा नाहीत. सुट्या भागांच्या दुकानात फोन केला होता मी. परवा देतो म्हणाला."

दिराचा चेहरा एकदम बदलला. "ते नाही बसवायचं या गाडीला."

"का? बसत नाही?"

"बसतं. पण गाडीचा ट्रॅक्टर होईल. न्यूट्रलला खडखडेल, आरसा थरथरेल. वहिनी, ही गाडी घेतली त्या दिवशी दादाने इथे, याच जागी, बॉनेटवर पाण्याने भरलेला ग्लास ठेवला होता. इंजिन चालू. मला म्हणाला, बघ, थेंब सांडला तर सांग. नाही सांडला."

बाईंनी बॉनेटकडे पाहिलं. तो ग्लास त्यांच्यासमोरही ठेवला गेला होता, घरी, त्याच संध्याकाळी. आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांसमोर.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण आता ती दाखवायची गाडी नाही, भाऊजी. कामाची आहे. माझ्याकडे एक माणूस आहे, त्याला बारा दिवसांत चढ चढायचा आहे. पाच आठवडे थांबायची सवड त्यालाही नाही आणि मलाही नाही."

"रोज सात-सात तास बसायचंय तुम्हाला त्यात. डोकं उठेल."

"उठू दे. माझंच उठणार आहे ना?"

दिराने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "रविवारी या. गॅरेज रिकामं असतं, पण माझे दोन्ही कारागीर सुट्टीवर असतात. एकट्याने गिअरबॉक्स उतरवणं होत नाही मला आता, कंबर धरते. हात लावावा लागेल."

"लावीन की."

रविवारी सकाळी बाई जुनी पँट आणि नवऱ्याचा जुना शर्ट घालून हजर झाल्या. दिराने बॅटरी सोडवली, गिअरबॉक्समधलं तेल काढलं, चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे बाहेर ओढले. बाईंच्या जादा पेडलची तारही सुटी करावी लागली. ती परक्या माणसाने बसवली होती. दीर ती बघून नुसता 'हं' म्हणाला. ते 'हं' बाईंना झोंबलं, पण त्यांनी पुढचा पाना त्याच्या हातात दिला. दिराने इंजिनाला खालून टेकू दिला आणि गिअरबॉक्सखाली चाकांचा जॅक सरकवला.

"मी म्हणेन तेव्हा तुमच्या बाजूने धरा. खेचायचं नाही, नुसतं धरायचं."

शेवटचा बोल्ट निघाला, गिअरबॉक्स बोटभर मागे आला आणि अडला. मग हलवत, डुलवत, एकमेकांना 'थांबा, थांबा' म्हणत दोघांनी तो खाली घेतला. क्लच निघाला आणि त्याच्यामागचं ते दुहेरी चाक उघडं पडलं. कडेला काळं ग्रीस उडून वाळलं होतं. दिराने ते सोडवून कामाच्या टेबलावर ठेवलं आणि वरचं चाक हाताने फिरवलं. ते सैल दातासारखं इकडून तिकडे हललं. आतून तुटलेल्या स्प्रिंगचा तुकडा खुळखुळला.

"बघा. यात काही उरलेलंच नव्हतं." तो ते पुन्हा पुन्हा हलवत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते... मला वाटायचं गाडी तशीच राहावी. झाकून. कधी येऊन काच पुसावी, एवढंच. उभी राहून सडली असती ती. ब्रेक धरले असते, टायर गेले असते. धंद्यातला माणूस मी, मला कळायला नको?"

"तुमचा भाऊ गेला होता," बाई म्हणाल्या.

"तुमचाही नवरा गेला होता की."

मग दिराने नाक ओढलं, फडक्याला हात पुसले आणि नवं खोकं फोडलं.

नवं फ्लायव्हील एकसंध होतं, थंड आणि चकचकीत. बाईंनी उचलून पाहिलं आणि ताबडतोब परत ठेवलं. दिराने सोबतची क्लचप्लेट दाखवली. तिच्या मधोमध चार छोट्या स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. "धक्के गिळायचं काम आता हिच्याकडे. सगळे गिळणार नाही, पण जमेल तितके." बोल्ट सगळे नवे. ते त्याने समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले आणि शेवटी मापाच्या पान्याने प्रत्येकाला 'टक्' असा आवाज येईपर्यंत ताण दिला. बाई मोजत होत्या. एकदा त्याने विचारलं, "हा झाला का?" आणि बाई म्हणाल्या, "नाही, तो राहिला." तो खरंच राहिला होता.

गिअरबॉक्स वर चढवताना मात्र दोघांचा घाम निघाला. गिअरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटच्या दात्यांत शिरेना. दीर चिडला, दात-ओठ खात रेटायला लागला.

"भाऊजी, जोर लावू नका. थोडं मागे या. श्वास घ्या. आता परत."

हे वाक्य बाई रोज दहा वेळा शिकायला आलेल्या कोणाला ना कोणाला म्हणत असत. दीर मुकाट मागे आला. बाईंनी गिअरबॉक्स कणभर फिरवला आणि तो आपसूक आत सरकला.

"तुमच्याकडे शिकायला येणारे उगाच येत नाहीत," दीर म्हणाला. बाईंच्या जादा पेडलची तार त्याने स्वतः, आधीपेक्षा सरळ वळणाने, नव्याने बसवली.

दुपारी गाडी चालू केली. दिराने सांगितलं होतं तसंच झालं होतं. खडखड, खडखड. डॅशबोर्ड कुरकुरत होता, आरशातलं गॅरेजचं दार थरथरत होतं. बाईंनी क्लच दाबला. सगळं गप्प. सोडला, पुन्हा खडखड.

"याहून कमी नाही होणार?"

"नाही. पण तुटणारही नाही. पन्नास काय, शंभर वेळा बंद पाडा."

सोमवार वाईट गेला. सकाळच्या तरुणीने विचारलं, "बाई, गाडीला काही झालंय का?" दुसरा म्हणाला, "पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतंय." संध्याकाळपर्यंत बाईंच्या कानशिलाला ठणका लागला. नवऱ्याची गाडी आपण आपल्या हाताने बिघडवली असं वाटून त्या जेवल्याही नाहीत धड.

मंगळवारी काका आले, आणि या वेळी काकूही. घरी बसून कंटाळा आला म्हणून मागे बसते म्हणाल्या. "मला मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. मी कडेकडेने लक्ष ठेवीन," असं म्हणून त्यांनी पर्स मांडीवर घेतली.

"काका, एक आधीच सांगते," बाई म्हणाल्या. "गाडीत काम केलंय. आवाज फार येतो आता. घाबरून जाऊ नका."

काकांनी गाडी चालू केली. खडखड सुरू झाली. "कुठे येतो आवाज?" त्यांनी विचारलं.

बाईंना वाटलं थट्टा करतायत. पण काका मनापासून वाट बघत होते. मागून काकूंनी सुस्कारा सोडला.

"सांगा आता बाईंना. नाहीतर मी सांगते."

"काय सांगायचं?"

"यांच्या कानात पीठ मळायचं मशीन अजून चालू आहे, बाई. चाळीस वर्षं त्याच्याशेजारी उभे होते. मशीन विकलं, बेकरी विकली, पण यांच्या कानातली घरघर काही थांबत नाही. माणसाचं बोलणं कळतं. पण गाडीची घरघर त्या घरघरीत बुडून जाते. तीन महिने मी म्हणतेय, बाईंना सांगा. नाही! कमीपणा वाटतो."

काकांचे कान लाल झाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. तीन महिने! तीन महिने त्या एकच वाक्य घोकवत होत्या: 'आवाज बदलला की पाय थांबवा.' आणि काका प्रत्येक वेळी 'हो, हो' म्हणत मान हलवत होते.

"काका, तुम्ही अंदाजाने सोडत होतात क्लच?"

"मनात आकडे मोजत होतो," काका हळूच म्हणाले. "तीनपर्यंत. कधी जमायचं."

बाईंना हसूही आलं आणि रडूही. त्यांना राग यायला हवा होता, पण दुसरंच काहीतरी डोक्यात आलं. "बूट काढा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बूट काढा. डावा. आता क्लच पूर्ण दाबा. काय लागतंय पायाला?"

"काही नाही. शांत आहे."

"आता अगदी हळू वर या. मुंगीच्या पावलाने. काही लागलं की बोला."

काकांचा मोजा पेडलवर टेकला होता. पाय वर येत गेला. बाईंना खडखड ऐकू यायला लागली त्याच क्षणी काका ओरडले, "आली! मुंग्या आल्या, टाचेत!"

"पुन्हा दाबा."

"गेल्या."

"पुन्हा सोडा."

"आल्या! बाई, हे आधी का नव्हतं?"

"आधी गाडी फार सभ्य होती," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी पहिला गिअर घालायला सांगितला. सपाट रस्त्यावर, हातब्रेक ओढून, फक्त पाय वर आणायचा आणि थरथर जाड झाली की थांबायचं. काका थांबले. गाडीने नाक किंचित वर उचललं आणि तशीच धरून राहिली. पेडलखाली काहीतरी पकडलं गेलंय हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं होतं. त्यांनी हातब्रेक सोडला. गाडी निघाली, धक्का न देता.

बाईंनी आरशात पाहिलं तर मागे काकू पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या.

पुढचे दिवस त्यांनी चढावर काढले. आधी बूट काढून, मग पातळ तळाच्या बुटात, मग नेहमीच्या. गाडी बंद पडली नाही असं नाही. एका दिवशी नऊ वेळा पडली. पण आता पडण्याआधी काकांना कळायचं, आणि ते स्वतःच "चुकलो, लवकर सोडला" म्हणायचे. बाईंनी ओळखीच्या डॉक्टरकडे नेऊन त्यांचे कान तपासून घेतले. कागद मिळाला: बोलणं स्पष्ट ऐकू येतं, गाडी चालवायला हरकत नाही. काकांनी तो कागद घडी न घालता पाकिटात ठेवला.

टेस्टच्या दिवशी परीक्षक गाडीत बसले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "गाडीत काही बिघाड आहे का?"

"नाही साहेब," काका म्हणाले. "बोलकी आहे."

बाई कार्यालयाच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काकू शेजारी. गाडी कोपऱ्यावर वळली, पण तिचा खडखडाट पुढच्या गल्लीतूनही ऐकू येत होता. चढ तिथूनच सुरू व्हायचा. आवाज थांबला.

"क्लच दाबला," बाई कुजबुजल्या.

काकूंनी त्यांचा हात धरला. खडखड परत आली, जाड झाली, एका जागी टिकून राहिली. मग हळूहळू वर वर जात विरत गेली. बंद पडली नाही.

वीस मिनिटांनी काका परतले. दोन चुका लिहिल्या होत्या: एकदा वेग फारच कमी, एकदा सिग्नल उशिरा. खाली शिक्का: पास. काकांनी कागद काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो डोळ्यांच्या कडेला, तिरका धरून वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "वेग कमी काय? मी रोज सांगत होते वेग वाढवा म्हणून." आणि मग भर रस्त्यात नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून रडल्या.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. टेकडीवरच्या अंगणात बेकरीची जुनी व्हॅन वर्षभर उभी होती, ती चालू होत नव्हती. "आणि बाई, तिलाही तसलंच भरीव चाक बसवता येईल का, विचारा ना तुमच्या दिरांना."

दीर स्वतः आला, बाईंच्याच गाडीतून, बॅटरीच्या तारा घेऊन. वाटेत डॅशबोर्डवर हात ठेवून ऐकत होता. वर पोचल्यावर व्हॅनखाली आडवा झाला, टॉर्च मारला आणि हसतच बाहेर आला.

"काका, हिला जन्मापासून भरीवच आहे. ही त्या काळातली गाडी. हिच्यात स्प्रिंगबिंग काही नव्हतंच."

"म्हणजे मुंग्या येतील?"

"मुंग्या काय, विंचू येतील."

व्हॅन तिसऱ्या झटक्याला चालू झाली. तिने काळा धूर ओकला, मग ती स्थिरावली. काकू शेजारच्या सीटवर बसल्या. त्यांना वर्षभर न भेटलेल्या बहिणीकडे जायचं होतं, दोन गावं पलीकडे. काकांनी आरसा नीट केला, डावा पाय दोनदा वरखाली करून पाहिला आणि फाटकातून बाहेर पडले. फाटकाबाहेर लगेच चढ होता. व्हॅन थांबली, काकांनी आडव्या रस्त्याकडे दोन्ही बाजूंना पाहिलं आणि ती निघून गेली.

बाई आणि दीर अंगणात उभे राहिले.

"तुमच्या गिअरबॉक्सचं तेल एकदा बघायला हवं," दीर म्हणाला. "नवं काम आहे. उद्या आणा गाडी."

"उद्या चार शिकवण्या आहेत."

"मग परवा."

"परवा सकाळी," बाई म्हणाल्या. "आणि भाऊजी, जाताना तुम्ही चालवा. मी जरा शेजारी बसते."